रिकाम्या रकान्याचा अर्थ

निवृत्तिवेतनाच्या नोंदींत मृत्युदिनांकाचा एक रकाना असतो. तो रिकामा असणे हीच ती व्यक्ती हयात असल्याची खूण मानली जाते. संगणकाच्या दृष्टीने तेथे जीवनाची नोंद नसते. मृत्यूची नोंद झालेली नाही, एवढेच तेथे असते. या दोन गोष्टींत अंतर आहे, आणि ते अंतर ओळखणारा माणूस कार्यालयात आहे तोवरच त्या रकान्याचा योग्य अर्थ लागतो. एका संस्थेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या नोंदी ओरॅकल या डेटाबेसमधून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नेण्याच्या कामात मी होतो, तेव्हा हे मला प्रथम जाणवले. पुढे या स्वरूपाची आणखी कामे केली. परंतु त्या पहिल्या कामाने जे प्रश्न उभे केले, त्यांच्याच अनुषंगाने मी आजही विचार करतो.

अशा स्थलांतराची कारणे बहुधा आर्थिक असतात. परवान्याचा वार्षिक खर्च जड होतो, किंवा एकाच विक्रेत्यावर विसंबून राहणे धोक्याचे वाटू लागते. हे केवळ लहान संस्थांचे दुखणे नाही. ॲमेझॉनने आपल्या अंतर्गत व्यवहारांचे सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेस, त्यांतील ७५ पेटाबाइट माहितीसह, स्वतःच्या सेवांवर हलवून पूर्ण केल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. काम मोठे असो वा लहान, त्याचा पहिला टप्पा एकच असतो. जुन्या डेटाबेसमध्ये टेबले असतात, टेबलांत रकाने असतात, प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरलेला असतो. कोणता रकाना रिकामा राहू शकतो, कोणते मूल्य दोनदा येऊ शकत नाही, कोणती नोंद दुसऱ्या टेबलातील नोंदीवाचून उभी राहू शकत नाही, हेही ठरलेले असते. या संपूर्ण आराखड्याला स्कीमा म्हणतात. जुन्या स्कीमातील प्रत्येक गोष्टीसमोर नव्या व्यवस्थेतील तिची जागा लिहीत जायचे, हे मॅपिंग. माहिती त्यानंतर हलते.

वस्तुतः हे काम अवघड असू नये. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये, आयबीएममध्ये असताना, रिलेशनल प्रतिमान मांडले, तेव्हा माहिती यंत्राच्या पोटात कशी रचली आहे याची चिंता ती वापरणाऱ्याला पडू नये, हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. एसक्यूएल या भाषेचे अमेरिकी प्रमाण १९८६ मध्ये ठरले आणि पुढच्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय झाले. मग एकच प्रमाणभाषा बोलणाऱ्या दोन व्यवस्थांत एवढे अंतर का असावे? याचे एक उत्तर कालक्रमात आहे. ओरॅकलचे पहिले व्यापारी उत्पादन १९७९ मध्ये, म्हणजे प्रमाण ठरण्याच्या सात वर्षे आधी, बाजारात आले होते. त्याच्या तेव्हाच्या स्वभावावर ग्राहकांच्या असंख्य आज्ञावली उभ्या राहिल्या. मागाहून आलेल्या नियमासाठी तो स्वभाव बदलणे म्हणजे त्या सर्व ग्राहकांचा विश्वास मोडणे. त्यामुळे अनेक विसंगती केवळ जुन्या ग्राहकांशी राखलेल्या निष्ठेमुळे टिकून आहेत. त्यांना दोष देताना मी आता थोडा थबकतो.

ज्ञात भेदांसाठी साधने आहेत. जिल दारोल्द या फ्रेंच अभियंत्याने लिहिलेले 'ओरा-टू-पीजी' हे त्यांपैकी सर्वपरिचित. ते जुन्या डेटाबेसला जोडले की शेकडो टेबलांचा आराखडा नव्या भाषेत उतरवून देते, आणि उरलेल्या कामाला किती मनुष्यदिवस लागतील याचा अंदाजही मांडते. या साधनांविषयी मला कृतज्ञता आहे. त्यांच्यावाचून आमचे आयुष्य कंटाळवाण्या श्रमांत गेले असते. परंतु साधन प्रकाराकडे पाहते. रकान्यात काय भरले आहे हे ते फार तर मोजू शकते. ते तेथे का भरले गेले, हे त्याला विचारता येत नाही. ते विचारणे आमच्याकडे उरते, आणि ज्यांना विचारायचे ते बहुतेक वेळा निवृत्त झालेले असतात.

रिकामेपणाचाच प्रश्न घेऊ. ओरॅकलमध्ये शून्य लांबीचा मजकूर आणि 'नल', म्हणजे मूल्याची अनुपस्थिती, यांत भेद केला जात नाही. हे पुढे बदलू शकेल, यावर विसंबू नका, असा इशारा त्याची मार्गदर्शिका वर्षानुवर्षे देत आली आहे. बदल मात्र झालेला नाही. पोस्टग्रेसमध्ये रिकामा मजकूर हा मजकूरच असतो आणि नल ही निराळी गोष्ट असते. ओरॅकलमध्ये एखाद्या मजकुराला नल जोडला तर मूळ मजकूर तसाच राहतो. पोस्टग्रेसमध्ये त्याच चिन्हाने नल जोडला तर संपूर्ण उत्तर नल होते. आपल्याकडे पूर्ण नाव तीन भागांचे: स्वतःचे, वडिलांचे अथवा पतीचे, आणि आडनाव. हे तिन्ही भाग जोडून पत्रावरचे नाव तयार करणारी आज्ञावली नव्या डेटाबेसवर जशीच्या तशी चालवली, तेव्हा ज्यांच्या नोंदीत मधले नाव नव्हते त्यांचे स्वतःचे नावही नाहीसे झाले. तांत्रिकदृष्ट्या हा दोष क्षुल्लक आहे. चाचणीत तो लगेच दिसतो आणि एका ओळीत दुरुस्त होतो. मला त्यातील क्रौर्य मात्र तंत्राबाहेरचे वाटले: कोणाचे तरी नाव ठाऊक नाही म्हणून तुझेही नाव नाही, असे यंत्र निर्विकारपणे सांगत होते.

दुरुस्तीनंतर खरा प्रश्न उरतो. जुन्या व्यवस्थेत भेदच नव्हता. नव्या व्यवस्थेत तो करणे भाग आहे. मग मधल्या नावाचा रिकामा रकाना तेथे रिकामा मजकूर म्हणून न्यायचा, की नल म्हणून? मोडी कागदांचे बाळबोधीत लिप्यंतर करणाऱ्या अभ्यासकांना ही अडचण परिचयाची वाटेल. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाही. बाळबोधीत तो पाळावाच लागतो. लिप्यंतरकार काहीही लिहो, मूळ लेखकाने न केलेली एक निवड तो त्याच्या वतीने करत असतो. रोजच्या शब्दांत संदर्भ त्याला सावरतो. आडगावांची आणि अपरिचित माणसांची नावे आली की संदर्भही मूक होतो, आणि तेथे लिप्यंतरकाराचा विवेक तेवढा उरतो.

आपल्या परंपरेत या विवेकासाठी सामग्री आहे. वैशेषिकांनी अभावाला पुढे स्वतंत्र पदार्थ मानले आणि त्याचे प्रकार केले. जे अद्याप उत्पन्न झालेले नाही त्याचा प्रागभाव, जे होते आणि नष्ट झाले त्याचा प्रध्वंसाभाव, जे त्या ठिकाणी त्रिकाळी नाही त्याचा अत्यंताभाव, आणि एक वस्तू दुसरी नसणे हा अन्योन्याभाव. चौथ्याचा आमच्या कामात फारसा उपयोग नाही. पण पहिले तीन मला निवृत्तिवेतनाच्या एका टेबलात अक्षरशः भेटले. निवृत्त महिला कर्मचाऱ्यांच्या नोंदींत पतीच्या नावाचा रकाना होता. काहींच्या बाबतीत अर्ज अपुरा होता आणि नाव मागाहून भरायचे राहिले होते. काहींच्या बाबतीत ते भरलेले होते आणि कोणत्या तरी जुन्या रूपांतरात पुसले गेले होते. काही महिला अविवाहित होत्या. तेथे त्या नावाला जागाच नव्हती. पडद्यावर तिन्ही ठिकाणी एकच पांढरी चौकट दिसत असे. कॉड यांनाही हा प्रश्न जाणवला होता. लागू असूनही अज्ञात आणि मुळात लागू नसलेले, अशा दोन अनुपस्थितींसाठी दोन वेगळ्या खुणा असाव्यात, असे त्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात सुचवले. प्रचलित उत्पादनांनी ती सूचना स्वीकारली नाही. त्यांचे सहकारी आणि भाष्यकार ख्रिस डेट यांचा तर नल या कल्पनेलाच विरोध राहिला. वाद मिटलेला नाही. आम्हाला मात्र त्या आठवड्यात निर्णय हवा होता.

आम्ही नल ठेवला. रिकामा मजकूर ठेवणे म्हणजे 'येथे नाव नाही हे मला ठाऊक आहे' असे विधान करणे. आणि आम्हाला ते ठाऊक नव्हते. ज्या नोंदींचे मूळ अर्ज उपलब्ध होते त्यांची यादी विभागाकडे दिली, अर्थ लावण्याचा अधिकार त्यांचा होता. अज्ञान अज्ञान म्हणूनच पुढच्या माणसाच्या हाती सोपवणे, यात कामचुकारपणा आहे असे मला वाटत नाही. त्याजागी सोयीस्कर मूल्य भरून रकाना नीटनेटका करण्याचा मोह मात्र प्रत्येक स्थलांतरात होतो, आणि नीटनेटकी माहिती पाहून समाधान पावणारे अधिकारीही सर्वत्र असतात.

दुसरा रकाना याहून लहान, एका अक्षराचा होता. ओरॅकलच्या एसक्यूएलमध्ये होय-नाही असा स्वतंत्र प्रकार अगदी अलीकडे, तेविसाव्या आवृत्तीत आला. तोवर एका अक्षराचा रकाना करून त्यात 'वाय' किंवा 'एन' लिहिण्याची रीत सर्वत्र रूढ होती. पोस्टग्रेसमध्ये बूलियन प्रकार आहे. त्यामुळे मॅपिंगच्या तक्त्यात अशा रकान्यांपुढे बूलियन लिहून आपण पुढे सरकतो. निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, सामान्यतः नोव्हेंबरात. तो आला की नाही याची नोंद या रकान्यात होती. त्यात 'वाय' होते, 'एन' होते, आणि थोड्या नोंदींत 'जी' होते. आज्ञावलीत 'जी'चा उल्लेख कोठेही नव्हता. कागदपत्रांत नव्हता. आमच्यातल्या एकाचे मत पडले की ही टंकनदोषाची अक्षरे आहेत. जे 'वाय' नाही ते सर्व 'नाही' धरावे. मत अतार्किक नव्हते, आणि वेळापत्रक त्याच्या बाजूने होते.

त्या विभागात पूर्वी काम केलेल्या एका निवृत्त लिपिकांना विभागाने बोलावून घेतले. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि त्यांना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "ज्यांना जिना चढवत नव्हता ना साहेब, त्यांचं ते. 'जी' म्हणजे गृहभेट. दाखला आला नाही म्हणून पेन्शन थांबवायची का आपण? आमचा माणूस घरी जाऊन बघून यायचा, मग मी 'वाय' करायचो."

आज्ञावली फक्त 'एन' असेल तरच निवृत्तिवेतन रोखत असे. 'जी' तिला समजत नव्हते, म्हणूनच ती त्या माणसांचे पैसे थांबवत नव्हती. 'जी'चे 'नाही' केले असते, तर स्थलांतरानंतरच्या पहिल्याच महिन्यात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे पैसे थांबले असते, आणि यंत्रणेच्या लेखी सर्व काही नियमानुसार झाले असते. मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. व्यवसायाने मला शिकवले होते की आराखडा काटेकोर असावा. जे मूल्य संभवत नाही ते रकान्यात शिरूच नये. ही शिकवण योग्यच आहे. पण मूळ रचनाकाराने तेव्हा 'वाय' आणि 'एन' एवढ्यांचाच निर्बंध घातला असता, तर त्या लिपिकांना त्यांची तिसरी अवस्था लिहायला जागा राहिली नसती. आराखड्यातील एका ढिलाईत कोणीतरी करुणेची सोय करून ठेवली होती. कार्यालयीन नियमांच्या जगात अशा सोयी नेहमी तोंडी असतात, आणि त्या करणारा खुर्चीवरून उठला की त्या अनाथ होतात. नव्या टेबलात तो रकाना बूलियन झाला नाही. तेथे तीन अवस्था नावानिशी लिहिल्या गेल्या आणि चौथीला मज्जाव झाला.

दिनांकांनी निराळा प्रश्न उभा केला. ओरॅकलच्या 'डेट' प्रकारात दिवसाबरोबर तास, मिनिटे आणि सेकंदही असतात. पोस्टग्रेसच्या त्याच नावाच्या प्रकारात केवळ दिवस असतो. नाव एक आहे म्हणून डोळे मिटून मॅपिंग केले तर वेळ निघून जाते. साधने हे जाणतात आणि तेथे टाइमस्टॅम्प सुचवतात. पण वेळ ठेवणे नेहमीच योग्य असते काय? जन्मदिनांकाला तासांची गरज नाही. भरणा केव्हा झाला याला ती आहे. प्रत्येक रकान्यापुढे थांबावे लागते. (थांबल्यामुळे काही करमणूकही होते. कोणी तरी वर्षाचे चार अंक लिहिण्याचा कंटाळा केल्याने काही सद्गृहस्थ इसवी सन १९ मध्ये, म्हणजे सातवाहनांच्या काळात, निवृत्त झाले होते आणि तरीही नियमित निवृत्तिवेतन घेत होते.)

जुन्या वार्षिक अहवालात '३१ मार्चपर्यंतच्या' नोंदी घेतल्या जात. वेळेविना लिहिलेला ३१ मार्च म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र, दिवसाचा आरंभ. त्यामुळे ३१ मार्चला सकाळी अकरा वाजता झालेली नोंद त्या अहवालात येत नसे. ती पुढच्या वर्षाच्या अहवालात जाई. वर्षानुवर्षे असे होत आले होते. हिशेब विभागाला त्याची सवय झाली होती आणि ते हाताने जुळणी करत. नव्या टेबलात त्या रकान्याचा प्रकार केवळ दिवसाचा ठेवला, तर अहवाल आपोआप 'बरोबर' होणार होता. पण मग मागील वर्षांचे आकडे लेखापरीक्षकांच्या सह्या असलेल्या छापील आकड्यांशी जुळणार नव्हते.

येथे काय करावे, याविषयी माझ्या व्यवसायातील सुज्ञ माणसांतही मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो की चूक दिसल्यावर ती जाणूनबुजून नव्या घरात नेणे हा अप्रामाणिकपणा आहे. या मताचे बळ मी मान्य करतो. तरीही मी दुसऱ्या पक्षात आहे. स्थलांतराला सुधारणेचा अधिकार नाही. ज्या आकड्यांवर माणसांनी सह्या केल्या, निर्णय घेतले, पैसे दिले, ते आकडे चुकीचे असले तरी घडून गेलेली वस्तुस्थिती आहेत. ती बदलायची तर तिच्यासाठी स्वतंत्र प्रस्ताव हवा, कोणाची तरी मंजुरी हवी, तारीख हवी. मॅपिंगच्या आडून केलेली सुधारणा कोणाच्याच नावावर राहत नाही. पाच वर्षांनी जेव्हा कोणी विचारेल की हे आकडे कधी आणि का बदलले, तेव्हा उत्तर देणारा कोणी नसेल. आम्ही वेळ राखली, अहवालाचा दोष राखला, आणि दोषाचे लेखी टिपण संबंधितांना दिले. त्यांनी पुढे रीतसर निर्णय करून तो दुरुस्त केला. दोन्ही कामे झाली; फक्त एकाच रात्री झाली नाहीत.

अंकांविषयी थोडक्यात सांगतो, कारण येथे नैतिक गुंतागुंत कमी आणि सावधगिरी अधिक लागते. ओरॅकलचा 'नंबर' सर्वसमावेशक आहे: त्यात पूर्णांक मावतो आणि अपूर्णांकही. नव्या व्यवस्थेत पूर्णांक, दशांशाचा अचूक प्रकार आणि दशांशाचा निकट प्रकार असे वेगवेगळे पर्याय आहेत. निकट प्रकार वेगवान असतो; पण पैशाच्या रकमा त्यात ठेवू नयेत, हे ओरा-टू-पीजीची मार्गदर्शिका स्वतःच बजावते. याहून सूक्ष्म धोका भागाकाराचा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ चे सूत्र वेतन गुणिले सेवावर्षे भागिले ७० असे आहे. १५,००० रुपये वेतन आणि ३४ वर्षे सेवा असेल तर उत्तर ७,२८५.७१ येते आणि जवळच्या रुपयात ७,२८६ होते. तिन्ही मूल्ये पूर्णांक मानली गेली तर पोस्टग्रेस भागाकारातील अपूर्णांक टाकून देते आणि ७,२८५ सांगते. सूत्रात आधी ३४ ला ७० ने भागले असेल, तर उत्तर शून्य. शून्य आले तर कोणीतरी ओरडते आणि चूक सापडते. एक रुपया कमी आला तर कोणी ओरडत नाही. ज्याचा तो रुपया आहे त्याला हिशेब पाहायला मिळतच नाही.

मराठी नावांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ओरॅकलमध्ये मजकुराच्या रकान्याची लांबी, निराळे सांगितले नसेल तर, बाइटमध्ये मोजली जाते. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते. इंग्रजी नावांचा विचार करून ठेवलेल्या तीस बाइटच्या रकान्यात 'पुरुषोत्तम' काठोकाठ बसतो. 'विश्वनाथराव' बसत नाही. यंत्र नोंद नाकारून थांबत असे, समोर रांग असे, आणि लिपिक नाव आखूड करून पुढे जात. पोस्टग्रेस तीस म्हणजे तीस वर्ण मोजते, त्यामुळे नव्या रकान्यात जागा मुबलक झाली. कापली गेलेली अक्षरे त्यामुळे परत आली नाहीत. जुन्या सेवापुस्तकांवरून ती नावे पूर्ण करण्याचे काम विभागाने हाती घेतले. ते संथ चालले, आणि ते करणाऱ्यांचे कौतुक झाल्याचे मी ऐकलेले नाही.

स्कीमातील निर्बंधांविषयी बोलल्यावाचून हा विषय पूर्ण होणार नाही. निर्बंध हे डेटाबेसने दिलेले वचन असते: अमुक मूल्य ऋण असणार नाही, अमुक वारसाची नोंद मूळ कर्मचाऱ्याच्या नोंदीशिवाय राहणार नाही. काही वचने लिहिलेली असतात, पाळली जात नाहीत. मायएसक्यूएलमध्ये तर 'चेक' प्रकारचा निर्बंध लिहिता येत असे आणि यंत्रणा तो वाचून सोडून देत असे. तो खऱ्या अर्थाने लागू होऊ लागला तो ८.०.१६ या आवृत्तीपासून, २०१९ मध्ये. अशा व्यवस्थेतून काटेकोर व्यवस्थेत जाताना जुन्या नोंदी दारातच अडतात. मग निर्बंध काढून टाकायचा, की नियमभंग करणाऱ्या जुन्या नोंदी?

या पेचाला ओरॅकल आणि पोस्टग्रेस या दोघांनीही जवळपास एकच उत्तर दिले आहे, आणि मला ते तंत्रातील एक शहाणपणाचे उत्तर वाटते. ओरॅकलमध्ये निर्बंध 'नोव्हॅलिडेट' म्हणून लागू करता येतो. पोस्टग्रेसमध्ये 'नॉट व्हॅलिड' म्हणून. अशा निर्बंधाचा अर्थ असा की आजपासून येणारी प्रत्येक नोंद नियम पाळील. पूर्वीच्या नोंदींची तपासणी केलेली नाही. पुढे सवडीने, जुन्या नोंदी एकेक करून निस्तरल्यावर, त्याच निर्बंधाला संपूर्ण मान्यता देता येते. भूतकाळाला दोषी न ठरवता भविष्याला बांधून घेणे, आणि भूतकाळाची तपासणी शिल्लक आहे हे लपवून न ठेवणे, एवढा विवेक माणसांच्या संस्थांत सहसा आढळत नाही.

स्थलांतर झाल्यावर पडताळणी होते. दोन्हीकडील नोंदींची संख्या जुळते, रकमांच्या बेरजा जुळतात, आणि यशाचे पत्र निघते. हे आवश्यक आहे, पुरेसे नाही. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे पन्नास लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर नेली. नियामकांच्या नंतरच्या निष्कर्षानुसार माहिती व्यवस्थित पोचली होती. तरीही नवी प्रणाली लगेच कोलमडली, एकोणीस लाख ग्राहक आपल्या खात्यांपर्यंत पोचू शकले नाहीत, कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. बेरजा जुळणे आणि माणसाचे काम होणे या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. आम्ही त्यामुळे जुनी आणि नवी व्यवस्था काही महिने समांतर चालवण्याचा आग्रह धरतो. दोन्हीकडून निघालेल्या निवृत्तिवेतनाच्या याद्या ओळीने ओळ ताडून पाहतो आणि प्रत्येक फरकाला कारण लिहितो. 'किरकोळ फरक' हे कारण आम्ही स्वीकारत नाही. व्यवस्थापनाला हे महाग वाटते आणि त्यांचे म्हणणे हिशेबाला धरून असते. मात्र त्या हिशेबात 'जी' लिहिलेल्या नोंदींचे मोल धरलेले नसते.

ज्यांच्या हाती आज एखादे नवे टेबल रचण्याचे काम आहे, त्यांना एक विनंती करून थांबतो. तुम्ही रकान्याला नाव द्याल, प्रकार द्याल. हे सर्व जण करतात. त्यासोबत तो रकाना कशासाठी आहे, तो रिकामा असेल तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, आणि त्यातील प्रत्येक अक्षर कोणत्या अवस्थेचे द्योतक आहे, हे एका-दोन वाक्यांत डेटाबेसमध्येच लिहून ठेवा. वेगळ्या फाइलीत नको; ती हरवते. त्यासाठी 'कॉमेंट ऑन कॉलम' अशी आज्ञा असते. मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या डेटाबेसांत ती एकदाही वापरलेली नव्हती. ओरॅकलमध्ये आणि पोस्टग्रेसमध्ये ती एकाच रीतीने लिहिली जाते, आणि स्थलांतराची साधने तो मजकूर जसाच्या तसा पलीकडे नेतात.